शेवटच्या पानावरची तिसरी सही

बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिलेलं मृत्युपत्र मी त्या दाव्यापर्यंत पाहिलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं मी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या न्यायालयांच्या बातम्या दिल्या. त्या काळात स्टॅम्पपेपरवरची, वहीच्या कागदावरची आणि एक लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला लिहिलेलं, अशी मृत्युपत्रं पाहिली. कागद कोणता, याला कायद्यात महत्त्व नाही. लिहिणाऱ्याची सही लागते आणि दोन साक्षीदार लागतात.

हे मृत्युपत्र एका निवृत्त परिचारिकेचं होतं. अंजनगाव सुर्जीपासून बसने अर्ध्या तासावर एक लहान गाव आहे. तिथे पूर्वी मिशनचा दवाखाना होता. दवाखाना बंद पडला, कंपाउंड उरलं. परिचारिकेला सगळे सिस्टरबाई म्हणत. तिने लग्न केलं नाही. नोकरीत असताना कंपाउंडच्या भिंतीला लागून थोडी जागा घेतली आणि दोन खोल्या बांधल्या. वर टिनाचं छप्पर, मागे वांगी आणि कोथिंबिरीपुरती जमीन. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काम करणारी एक विधवा बाई दवाखाना बंद झाल्यावर तिच्याकडे राहायला आली आणि बावीस वर्षं राहिली. सिस्टरबाईची शेवटची तीन वर्षं अंथरुणात गेली. तिचं सगळं या बाईनेच केलं.

मृत्युपत्रात घर या बाईला दिलं होतं. खाली सिस्टरबाईच्या सहीनंतर तीन सह्या होत्या. पहिली चर्चच्या त्या वेळच्या पाळकांची, दुसरी कंपाउंडच्या शाळेतल्या निवृत्त मास्तरांची, तिसरी बाईची स्वतःची. नेमकी ही तिसरी सही तिच्या विरोधात गेली.

सिस्टरबाईचा पुतण्या नागपूरला असतो. त्याने घराच्या ताब्यासाठी दावा लावला. त्याचा मुद्दा एकच होता. उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे, ज्याला मृत्युपत्राने काही मिळतं त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र टिकतं, पण त्याला दिलेली वस्तू त्याला मिळत नाही. हिंदूंच्या मृत्युपत्रांना हे कलम लागू नाही, ख्रिस्ती माणसांच्या मृत्युपत्रांना आहे. बाईच्या वकिलांनी आयुष्यभर माळी आणि कुणबी घरांची मृत्युपत्रं केली होती. दावा हातात येईपर्यंत हे कलम त्यांनी कधी उघडलं नव्हतं. ते त्यांनी मला स्वतःच सांगितलं.

मला फोन बाईचा आला. त्याच कंपाउंडमध्ये माझं बालपण गेलं. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. तिला मी तेव्हापासून बाईच म्हणतो.

"तू कोर्टातच बसतं ना?" ती म्हणाली.

"मागच्या बाकावर बसतो. लिहून घेतो."

"मंग ये. इथं काय चालून राहिलं ते मले कोनी नीट सांगत नाई."

मी गेलो. वकिलांचं ऑफिस बसस्टँडसमोर, कृषी सेवा केंद्राच्या वर होतं. बाई खुर्चीच्या कडेवर बसली होती. पायांत रबरी चपला होत्या, हातात औषधाच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत दाव्याचे कागद. वकिलांनी मृत्युपत्राच्या नकलेची झेरॉक्स पुढे केली.

"बाई, ही सही तुमची का?"

"माहीच हाये."

"म्हणजे मृत्युपत्रावर सही केली तुम्ही."

"नाई केली."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. हे त्यांनी आधीही ऐकलेलं असावं.

"सही तुमची, पण केली नाही. हे मी जजसाहेबांना कसं सांगू?"

"जसं मी तुमाले सांगून राहिली तसं."

"आठवत नाही म्हणा. कोर्टात आठवत नाही म्हणणं काही पाप नाही."

"तुमच्या कोर्टात नसन. माह्या घरी हाये."

वकील हसले. बाई हसली नाही. सिस्टरबाईने असं काही लिहून ठेवलंय, हे तिला अंत्यविधीनंतर पंधरा दिवसांनी पाळकांकडून कळलं. त्याआधी तो कागद तिने पाहिलाच नव्हता. मग त्या कागदावर आपली सही कशी, हे तिलाही सांगता येत नव्हतं. पुतण्याच्या वकिलांनी याचे दोन अर्थ काढले होते. ती खरं बोलत असेल तर सही कोणीतरी नंतर करून घेतली, म्हणजे अख्खा कागदच संशयास्पद. ती खोटं बोलत असेल तर ती साक्षीदार, म्हणजे घर गेलं. तिने काहीही म्हटलं तरी घर जात होतं, आणि ते गेलं तर जायला तिच्याजवळ दुसरी जागा नव्हती. माहेरचं कोणी उरलं नव्हतं. कंपाउंडमधल्या बारा घरांपैकी आठ कुलूपबंद होती.

पाळक दोन वर्षांपूर्वी वारले होते. उरले मास्तर. वय नव्वदीच्या जवळ. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते ओट्यावर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. सिस्टरबाईने आपल्यासमोर सकाळी सही केली, पाळकांनी केली, आपण केली, एवढं त्यांना स्वच्छ आठवत होतं. बाई तेव्हा कुठे होती?

"ते दूध आणाले गेली होती. सिस्टरबाईनंच धाडलं. तिच्यासमोर लिहाचं नव्हतं."

"मग तिची सही कधी झाली?"

मास्तरांनी पुढची शेंग उचलली. "त्या दिवशी लय गरम होतं बाबू," ते म्हणाले. "एवढंच आठोते."

कोर्टातही त्यांनी हेच सांगितलं. त्यांच्या साक्षीने मृत्युपत्र सिद्ध झालं. तिसऱ्या सहीचं काय, हे तसंच राहिलं.

बातमीदाराची एक सवय असते. नकलेवर बातमी करायची नाही, मूळ कागद पाहायचा. वकिलांकडून अर्ज देऊन मी त्यांच्यासोबत मूळ रेकॉर्ड पाहिलं. कोर्टातल्या बाकीच्या कागदांच्या गठ्ठ्यात ते बायबल जाड आणि वेगळं दिसत होतं. काळं रेक्झिनचं कव्हर, कडा उसवलेल्या, वर निशाणी क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली. लिपिकाने ते टेबलावर ठेवलं आणि समोरच बसून राहिला.

शेवटचं पान भरलेलं होतं. वर दोन तृतीयांश जागेत सिस्टरबाईचं अक्षर. दवाखान्याच्या नोंदवहीत असायचं तसंच, उजवीकडे झुकलेलं. त्याखाली तिची सही, मग पाळकांची आणि मास्तरांची, दोघांपुढे "साक्षीदार" असा शब्द आणि पत्ता. त्याच्याखाली दोन बोटं जागा सोडून बाईचं नाव. त्यापुढे काही नव्हतं. त्याच्या आधी मात्र, पानाच्या अगदी डाव्या कडेला, एक छोटा क्रूस काढलेला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा. झेरॉक्समध्ये डावी कड कापली गेल्यामुळे तो तिथे नव्हता.

मी ते पान पाच मिनिटं पाहिलं. लिपिकाने विचारलं, झालं का. मी हो म्हटलं.

त्या कंपाउंडमध्ये एक रीत होती. दुसरीकडे कुठे असेल तर मला माहीत नाही. माणूस शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळला की पाळक घरी येऊन प्रभुभोजन देत. भाकर आणि द्राक्षरस त्या आजाऱ्यासोबत खोलीतले सगळे घेत. झालं की आजाऱ्याच्या घरचंच बायबल उघडायचं आणि ज्यांनी ज्यांनी सोबत घेतलं त्यांनी मागच्या कोऱ्या पानावर आपलं नाव लिहायचं, नावाआधी छोटा क्रूस काढायचा. तारीख नाही, दुसरा शब्द नाही. खूप जुन्या कोण्या पाळकांनी हे सुरू केलं, असं वडील सांगत. कारण कोणी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. दवाखाना होता तेव्हा अशी पानं लवकर भरत.

मी अकोल्याला परतलो. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडच्या एका गल्लीत, मी पहिल्या मजल्यावर एका खोलीत राहतो. वर्तमानपत्राचं जिल्हा कार्यालय बंद झाल्यापासून काम खोलीतूनच चालतं. बातमी मोबाइलवर जाते. दिवसाकाठी ज्याच्याशी समोरासमोर बोलावं लागतं असा माणूस म्हणजे खालचा चहावाला, आणि त्यालाही आता माझ्या चहाचं माहीत असल्याने बोलावं लागत नाही. आईची ट्रंक पलंगाखाली होती. ती वारल्याला अकरा वर्षं झाली. ट्रंक या खोलीत आणल्यापासून मी उघडली नव्हती.

तिचं बायबल लुगड्यात गुंडाळलेलं होतं. मागची दोन पानं भरलेली होती. आधीच्या पानावर वडिलांच्या वेळची नावं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. सातव्या ओळीत माझं नाव आहे, आधी क्रूस, थोडा वाकडा. त्यानंतरचं पान आईचं. सहा नावं. पाळक, मास्तर, सिस्टरबाई, बाई, शेजारच्या घरातले नवरा-बायको. सहाही नावांआधी क्रूस होता. माझं नाव त्या पानावर नाही. त्या दिवशी मी अमरावतीला सत्र न्यायालयात होतो. एका खून खटल्याचा निकाल होता आणि तो पहिल्या पानावर जाणार होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो तेव्हा आई बोलत नव्हती.

मी दोन्ही पानांचे फोटो काढून वकिलांना पाठवले. मग पुन्हा गावी गेलो.

एका घराच्या बायबलवरून रीत सिद्ध होत नाही, वकील म्हणाले. त्यामुळे आम्ही उरलेल्या चार घरांत विचारलं. एका घरी जुनं बायबल वाळवीने खाल्लं होतं. दुसऱ्या घरच्या सुनेने नवीन छापील बायबल दाखवलं, मागची पानं कोरी. तिसऱ्या घरी सापडलं. चौथं मास्तरांचंच. त्यांच्या बायकोच्या वेळचं पान त्यांनी स्वतः उघडून दिलं आणि दिल्यावर लगेच परत मागितलं. कोर्टात लागेल म्हटल्यावर म्हणाले, "मंग मले पावती द्या." वकिलांनी पावती दिली.

आताचे पाळक तरुण आहेत, नगरकडचे. त्यांना या रितीची माहिती नव्हती. "आमच्याकडे असं नसतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "इथेही मी आल्यापासून कोणी सांगितलं नाही." चूक त्यांची नव्हती. सांगणारे राहिले नव्हते.

त्यानंतर मी बाईला माझ्या फोनवर दोन फोटो दाखवले. आधी आईच्या पानाचा, मग मूळ मृत्युपत्राच्या पानाचा. तिने चष्मा लावला. क्रूसावर बोट ठेवलं. फोटो सरकला, मी परत आणला.

"हे तं प्रभुभोजनाचं हाये," ती म्हणाली.

"कधीचं?"

"त्याच दिवसाचं असन. संध्याकाळी पाळक आले होते. मास्तर होते." ती आठवत होती. "सिस्टरबाईच्या बुकात जागाच नव्हती. मागच्या पानांवर तिनं गीतं लिहून ठेवली होती ना. मागचं एकच पान राहिलं होतं, त्याच्यावर रुमाल होता. तो भाकरीवरचा पांढरा रुमाल. मले म्हणे, रुमालाखाली पाहू नको, खाली जागा हाये तिथं लिही."

"आणि पाळकांनी, मास्तरांनी नाही लिहिलं?"

"म्या म्हटलं लिहा. पाळक म्हणे, आमची नावं हायेत वर. म्हटलं, आधीच लिहून ठेवली असन."

असं ते झालं होतं. बाईपासून लपवण्यासाठी सिस्टरबाईने पान झाकलं, आणि झाकलेल्या पानावर रितीप्रमाणे तिच्याकडूनच नाव लिहून घेतलं. त्या खोलीतल्या चौघांपैकी कोणालाही कलम ६७ माहीत नव्हतं.

साक्ष द्यायला मी उभा राहिलो तो दिवस सोमवार होता. त्या कोर्टात मी पूर्वी अनेकदा आलो होतो, पण पिंजऱ्यात उभं राहिल्यावर मागचा बाक कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं. त्यावर बाई बसली होती, एकटीच. या दाव्याची बातमी मी दिली नाही. साक्षीदाराने देऊ नये.

पुतण्याचे वकील सौम्य माणूस होते. आईचं पान माझ्यासमोर धरून त्यांनी विचारलं, "या पानावर तुमचं नाव दाखवता?"

"नाही."

"म्हणजे या प्रसंगी तुम्ही हजर नव्हता."

"नव्हतो."

"तुमच्या आईचा शेवटचा आजार होता ना हा?"

"होता."

"कुठे होता तुम्ही?"

"अमरावतीला. कोर्टात."

"कोणती केस होती?"

मी केस सांगितली. त्यांनी मान हलवली. त्यांना ती आठवत होती. त्या केसमधल्या एका आरोपीचं वकीलपत्र त्यांच्या सिनिअरकडे होतं.

"तर जे झालं ते तुम्ही पाहिलं नाही. ऐकीव आहे."

"या पानाचं ऐकीव आहे," मी म्हणालो. "आधीच्या पानाचं नाही. तिथे सातवं नाव माझं आहे. तो क्रूस मी काढला आहे."

न्यायाधीशांनी बायबल मागवून घेतलं. आधीचं पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि लिपिकाला काही शब्द सांगितले. ते त्याने टाइप केले. उलटतपासणी आणखी दहा मिनिटं चालली. त्यात मला न आवडणारा एकही प्रश्न नव्हता.

बाहेर कडुलिंबाखाली बाई थांबली होती. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली.

"तुही माय तुले इचारत होती त्या दिवशी," ती म्हणाली.

"काय विचारत होती?"

"येते का म्हणे. मी म्हटलं बोलावतो. तं म्हणे नोको, त्याले तारीख असन."

मी पाणी प्यायलो. पुतण्या समोरून गेला. त्याने बाईला नमस्कार केला, तिनेही केला. "लहानपणी उन्हाळ्यात यायचा इथं," ती मला म्हणाली. "माह्या हातचे लय पापड खाल्ले त्यानं."

निकाल तीन महिन्यांनी लागला. निकालपत्र सतरा पानी आहे. त्यातलं बारावं पान या सहीवर आहे. पहिल्या दोन सह्यांपुढे "साक्षीदार" हा शब्द आणि पत्ता आहे, तिसऱ्या नावापुढे नाही. तिसऱ्या नावाआधी धार्मिक चिन्ह आहे, पहिल्या दोन सह्यांआधी नाही. तीन वेगवेगळ्या घरांतल्या ग्रंथांवरून अशा नोंदीची प्रथा दिसते. नुसतं नाव लिहिल्याने माणूस साक्षीदार होत नाही. साक्षीदार होण्याच्या हेतूने लिहिलेलं असावं लागतं. तो हेतू इथे दिसत नाही. दावा खर्चासह फेटाळला. पुतण्याने अपील केलं नाही. मुदत संपल्यावर वकिलांनी फोन करून तसं कळवलं. घर बाईचं झालं.

त्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो. तिने वांग्याची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. जेवण झालं. ती भांडी घासेपर्यंत मी मागच्या दारात बसलो. मग तिने मला पुढच्या खोलीत नेलं. सिस्टरबाईचा पलंग काढून टाकला होता. भिंती चुन्याने पांढऱ्या केल्या होत्या. खिडकीला नवी जाळी होती.

"हे खोली रिकामी हाये," ती म्हणाली.

"चांगली झाली."

"अकोल्यात कोन बसलं हाये तुह्यासाठी?"

"काम आहे बाई."

"काम तं तू फोनवर करतं म्हणतं. फोन इथंबी लागते. कोपऱ्यात धरला का लागते."

मी कोपऱ्यात जाऊन फोन पाहिला. दोन काड्या होत्या.

"मी मांगलं का काई?" ती म्हणाली. "राहाचं असन तं राह्य. मले बावीस वर्सं कोनीतरी खोकलाचं तिकडच्या खोलीत. आता झोप लागत नाई."

"सांगतो," मी म्हणालो.

चार वाजताच्या बसने मी निघालो. अंजनगाव, मग दर्यापूर, मग अकोला. रस्त्यात हे ठरवायला पुरेसा वेळ होता. खोलीचं भाडं वाचलं असतं. कोर्टांच्या बातम्या मी तशाही आता फोनवर वकिलांना विचारूनच देतो. अडचण अशी कोणतीच नव्हती. दुसऱ्या दिवशी फोन करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी महापालिकेचा एक अर्ज सुनावणीला होता. त्यानंतरच्या आठवड्यात दोन निकाल होते. मग फोन करायला उशीर झाला आहे असं वाटू लागलं, आणि तसं वाटू लागल्यावर रोज थोडा अधिक उशीर होत गेला.

पाच आठवड्यांनी तिचाच फोन आला.

"खोली देली म्या," ती म्हणाली.

"कोणाला?"

"दोघं हायेत, नवरा-बायको. फुलं इकतात बसस्टँडवर. पहाटीच उठतात, लय आवाज करतात."

"त्रास होतो का?"

"नाई. बरं हाये."

मागे कोणीतरी बादलीत पाणी सोडत होतं.

"तू तं काई बोललाच नाई," ती म्हणाली.

"विचार करत होतो."

"कर मंग," ती म्हणाली आणि फोन ठेवला. बोलणं एक मिनिट दहा सेकंद चाललं. फोनवर तशी नोंद आहे.